किरणोत्सारी कचऱ्याच्या जुन्या टाक्या: पोलाद टिकतं ५० वर्षं, कचरा उरतो ३०० वर्षं. मग सांभाळायचं कसं?

मुंबईत तुर्भे इथे १९६४ मध्ये भारतातला पहिला प्लुटोनियम प्रकल्प सुरू झाला. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवून त्यातून प्लुटोनियम वेगळं काढणं हे त्याचं काम. हवा तो पदार्थ बाजूला काढल्यावर मागे उरतं ते अत्यंत किरणोत्सारी, आपोआप गरम होत राहणारं आम्लयुक्त द्रव. असं द्रव जमिनीखालच्या स्टीलच्या टाक्यांमध्ये साठवतात.

इथेच एक साधं पण अवघड गणित सुरू होतं. अशा कचऱ्यातले सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे घटक निरुपद्रवी पातळीच्या जवळ यायला साधारण ३०० वर्षं लागतात. चांगल्यात चांगल्या स्टीलच्या टाकीकडून मात्र काही दशकांचीच अपेक्षा ठेवता येते. म्हणजे आत भरलेली वस्तू भांड्यापेक्षा कितीतरी जास्त टिकणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

मग जगभरात या जुन्या होत चाललेल्या टाक्या सांभाळतात कशा? महाराष्ट्रात त्या कुठे आहेत? आणि चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याने याकडे का बघावं?

हा कचरा येतो कुठून?

अणुभट्टीतलं युरेनियमचं इंधन काही काळाने बाहेर काढावं लागतं. काही देश ते इंधन तसंच जपून ठेवतात. भारताने दुसरा मार्ग निवडला आहे. इथे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते. इंधनाचे तुकडे करून ते नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि रासायनिक पद्धतीने त्यातलं युरेनियम आणि प्लुटोनियम पुन्हा वापरासाठी काढून घेतात.

उरलेल्या द्रवात इंधनाच्या मूळ वजनाचा अगदी छोटा हिस्सा असतो, पण जवळपास सगळी किरणोत्सारिता त्यातच असते. याला 'उच्च पातळीचा द्रव कचरा' म्हणतात. रुग्णालयातले हातमोजे, प्रयोगशाळेतलं सांडपाणी, अणुभट्टीतले जुने फिल्टर यांचाही किरणोत्सारी कचऱ्यात समावेश होतो, पण तो बराच सौम्य असतो. टाक्यांचा खरा प्रश्न उच्च पातळीच्या द्रवाचा आहे.

या द्रवाचे तीन गुण एकाच वेळी सांभाळावे लागतात. ते आम्ल असल्यामुळे धातू खातं. त्यातली किरणोत्सारिता उष्णता तयार करत राहते, त्यामुळे त्याला सतत थंड ठेवावं लागतं. आणि किरणांमुळे पाण्याचे रेणू तुटून हायड्रोजन वायू तयार होतो, जो साचला तर पेट घेऊ शकतो.

महाराष्ट्रात या टाक्या कुठे आहेत?

दोन ठिकाणी. पहिलं तुर्भे, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा परिसर. दुसरं पालघर जिल्ह्यातलं तारापूर. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. पुढे तिथे पुनर्प्रक्रिया प्रकल्प आला आणि १९८५ मध्ये कचरा काचेत बंदिस्त करणारा देशातला पहिला प्रकल्पही तिथेच सुरू झाला. महाराष्ट्राबाहेर तामिळनाडूतल्या कल्पाक्कम इथे अशा सुविधा आहेत.

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात अणुकचऱ्याची टाकी नाही. चंद्रपूरची वीज कोळशावर तयार होते. तिथे उरते ती राख, आणि तिचा प्रश्न वेगळा आहे. त्याबद्दल पुढे पाहू.

टाकी बांधतात कशी?

'टाकी' म्हटलं की गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी डोळ्यासमोर येते. ही टाकी म्हणजे एकात एक ठेवलेल्या अनेक थरांची रचना असते.

सगळ्यात आत स्टेनलेस स्टीलची टाकी. नायट्रिक आम्लाला तोंड देण्यासाठी कमी कार्बनचं स्टेनलेस स्टील वापरतात, कारण साध्या स्टेनलेस स्टीलमध्ये वेल्डिंगच्या उष्णतेने कार्बन कडेला गोळा होतो आणि नेमकी तिथूनच झीज सुरू होते. टाकीच्या आत थंड पाण्याच्या नळांची वेटोळी असतात. एक नळ निकामी झाला तरी काम थांबू नये म्हणून ती गरजेपेक्षा जास्त बसवतात.

ही टाकी जाड काँक्रीटच्या भूमिगत खोलीत ठेवलेली असते. त्या खोलीला आतून पुन्हा स्टीलचं अस्तर असतं. आतली टाकी गळलीच, तर द्रव या अस्तरावर साचावं, मातीत जाऊ नये, हा हेतू. तळाशी एक खड्डा असतो, आणि त्यात ओल दिसताच इशारा मिळेल अशी व्यवस्था असते. वरून हवा खेळवून हायड्रोजन साचू देत नाहीत, आणि ती हवा गाळूनच बाहेर सोडतात.

आणखी एक नियम महत्त्वाचा आहे. तेवढ्याच क्षमतेची एक टाकी कायम रिकामी ठेवायची. गळती झाली तर द्रव हलवायला जागा लागते. ही रिकामी टाकी खर्चिक वाटते, पण ती भरली की उरतं फक्त नशीब.

टाकी 'म्हातारी' होते म्हणजे नेमकं काय होतं?

गंज म्हटलं की लाल तांबूस थर आठवतो. इथला गंज बहुतेक वेळा तसा दिसत नाही. अभियंते चार प्रकारांवर लक्ष ठेवतात.

• सगळीकडे सारखी झीज: पत्रा हळूहळू पातळ होतो. हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण वेग मोजता येतो आणि किती वर्षं उरली याचा अंदाज बांधता येतो.

• खड्डे पडणं: पत्रा बाकी धडधाकट, पण एखाद्या बिंदूवर खोल भोक पडत जातं. क्लोराइडसारखे क्षार हे घडवतात. पातळ भाग नेमका कुठे आहे, हे शोधणं कठीण जातं.

• ताणामुळे तडे: वेल्डिंग झाल्यावर जोडाजवळच्या धातूत ताण अडकून राहतो. त्यावर विशिष्ट रसायन काम करू लागलं की बारीक तडे जातात आणि ते अचानक आरपार होऊ शकतात.

• पातळीच्या रेषेवरची झीज: द्रव आणि हवा जिथे मिळतात त्या पट्ट्यात रसायनांचं प्रमाण बदलतं, आणि तिथे धातू जास्त वेगाने खाल्ला जातो. तळाशी गाळ बसला तर त्याखालीही असंच होतं.

भिंत शाबूत असूनही धोका संपत नाही. थंड पाण्याचा नळ फुटू शकतो, झडप अडकू शकते, मोजणारं उपकरण बंद पडू शकतं. कल्पाक्कमला २१ जानेवारी २००३ रोजी नेमकं हेच घडलं. तिथल्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पाच्या टाकी-विभागात एक झडप निकामी झाली आणि उच्च पातळीचा द्रव कचरा सौम्य कचऱ्याच्या टाकीत शिरला. त्या टाकीतून नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना याची कल्पना नव्हती. सहा जणांना मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सार झाला. त्या भागात किरणोत्सार मोजून इशारा देणारं यंत्र तेव्हा बसवलेलं नव्हतं. टाकीला भोक पडलं नव्हतं, तरीही अपघात झाला.

तुर्भेच्या प्रकल्पालाही आम्लाची ताकद लवकर कळली होती. १९७० च्या दशकात तो थांबवावा लागला, आतली किरणोत्सारिता धुऊन काढावी लागली आणि झिजलेली उपकरणं व नळ बदलावे लागले. १९८० च्या दशकात तो पुन्हा सुरू झाला.

आत माणूस जाऊ शकत नाही, मग तपासणी कशी होते?

अशा टाकीजवळ माणूस काही मिनिटंही उभा राहू शकत नाही. त्यामुळे सगळी तपासणी लांबून होते.

दोन भिंतींमधल्या मोकळ्या जागेत चुंबकाच्या किंवा चाकांच्या साहाय्याने चालणारे छोटे रोबो सोडतात. ते ध्वनिलहरी पाठवून पत्र्याची जाडी मोजतात. पोटाची सोनोग्राफी करतात, त्याच तत्त्वावर. त्याच जागी काही वर्षांनी पुन्हा मोजलं की झिजेचा वेग कळतो. झाकणातल्या उभ्या नळीतून कॅमेरा सोडून आतली बाजू पाहतात.

टाकीत त्याच धातूच्या पट्ट्या टांगून ठेवण्याचीही पद्धत आहे. ठरावीक काळाने पट्टी बाहेर काढून वजन केलं की किती धातू गेला ते समजतं. द्रवाचे नमुने घेऊन आम्लाचं आणि क्षारांचं प्रमाण तपासतात. पातळी दररोज नोंदवली जाते, कारण विनाकारण घटलेली पातळी ही गळतीची पहिली खूण असते. याशिवाय भूकंप झाला तर जुना काँक्रीट घुमट आणि झिजलेला पत्रा मिळून किती भार पेलतील, याचं गणित वेळोवेळी नव्याने मांडावं लागतं.

या सगळ्यातून एकच गोष्ट हाती येते: टाकीकडे अजून किती वेळ आहे याचा अंदाज. गंज मंदावता येतो. झिजलेला पत्रा परत जाड करता येत नाही.

थंड ठेवणं थांबलं तर? किश्तिमचा धडा

२९ सप्टेंबर १९५७. सोव्हिएत संघातल्या उरल पर्वताजवळ मायाक इथे प्लुटोनियमचा कारखाना होता. तिथल्या एका भूमिगत टाकीची थंड पाण्याची व्यवस्था बिघडली आणि ती वेळेत दुरुस्त झाली नाही. आतलं पाणी आटत गेलं. तळाशी उरलेले कोरडे क्षार तापत गेले आणि स्फोट झाला. सुमारे १६० टन वजनाचं काँक्रीटचं झाकण उडालं.

हा अणुबॉम्बसारखा स्फोट नव्हता, रासायनिक होता. पण त्याने आतली किरणोत्सारी द्रव्यं हवेत फेकली. वाऱ्याबरोबर त्यांचा पट्टा शेकडो किलोमीटर पसरला. पुढच्या दोनेक वर्षांत सुमारे १० हजार लोकांना गावं सोडावी लागली. मायाकचं नाव गुप्त असल्यामुळे हा अपघात जवळच्या किश्तिम गावाच्या नावाने ओळखला गेला. सोव्हिएत सरकारने तो अधिकृतपणे मान्य केला १९८९ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी.

गळू लागली तर? हॅनफर्डचा धडा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड आहे. नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम इथलं. तिथे आजही १७७ भूमिगत टाक्या आहेत. त्यातल्या १४९ टाक्या १९४३ ते १९६४ दरम्यान बांधलेल्या, एकाच स्टीलच्या भिंतीच्या. उरलेल्या २८ दुहेरी भिंतीच्या, नंतर बांधलेल्या. एकूण कचरा सुमारे २१ कोटी लिटर.

घाई युद्धाची होती आणि स्टेनलेस स्टील महाग होतं. म्हणून साधं कार्बन स्टील वापरलं. ते आम्लात टिकणार नाही म्हणून कचऱ्यात कॉस्टिक सोडा मिसळून आम्ल मारलं. त्यामुळे पत्रा काही काळ वाचला, पण कचऱ्याचं प्रमाण वाढलं आणि तळाशी घट्ट गाळ बसला. आज तोच गाळ बाहेर काढणं हे सगळ्यात कठीण काम झालं आहे.

एकेरी भिंतीच्या ६७ टाक्या गळल्याचं मानलं जातं. अंदाजे ३८ लाख लिटर कचरा मातीत गेला. एप्रिल २०२१ मध्येही एका जुन्या टाकीतून रोज सुमारे १३ लिटर गळत असल्याचं जाहीर झालं.

दुहेरी भिंतही कायमची हमी ठरली नाही. १९७१ मध्ये वापरात आलेल्या एवाय-१०२ या टाकीची आतली भिंत गळत असल्याचं २०१२ मध्ये नक्की झालं. मुळात ती बांधतानाच तळाच्या पत्र्याचे जोड पुन्हा पुन्हा करावे लागले होते. बाहेरच्या भिंतीने कचरा अडवला, आणि २०१७ पर्यंत टाकी रिकामी करण्यात आली. बांधताना राहिलेली कसर ४० वर्षांनी बाहेर आली.

मग उपाय काय? टाकी रिकामी करणं

टाकीची निगा राखणं म्हणजे वेळ विकत घेणं. त्या वेळात कचरा द्रवरूपातून घनरूपात आणायचा असतो. जगभरात यासाठी रूढ झालेला मार्ग म्हणजे काच.

द्रव कचरा आटवून, काच बनवणाऱ्या पदार्थांबरोबर सुमारे १,००० अंशांच्या आसपास वितळवतात. किरणोत्सारी अणू काचेच्या रचनेतच अडकतात. ही वितळलेली काच स्टेनलेस स्टीलच्या डब्यात ओततात आणि झाकण वेल्डिंगने बंद करतात. काचेची गळती होत नाही, ती उकळत नाही, आणि पाण्यात फार सावकाश झिजते.

तारापूरला हे काम १९८५ पासून होतंय. तुर्भेला मात्र जुन्या कचऱ्याने अडचण निर्माण केली. तिथे सुरुवातीच्या काळात प्लुटोनियम वेगळं करण्यासाठी जे रसायन वापरलं, त्यामुळे कचऱ्यात सल्फेटचं प्रमाण जास्त होतं. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट फारसं विरघळत नाही. त्याचा वेगळा पिवळसर थर तयार होतो, जो पाण्यात सहज विरघळतो. सीझियम त्या थरात गेलं तर काच करण्याचा उपयोगच काय? भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी यासाठी बेरियम मिसळलेली वेगळी काच विकसित केली. ती सल्फेट सामावून घेते.

या उदाहरणातून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात येते. टाकीत ३०-४० वर्षांपूर्वी काय ओतलं, याची नोंद नीट असेल तरच ती रिकामी करण्याची योग्य पद्धत ठरवता येते. हॅनफर्डमध्ये एका टाकीतला कचरा दुसरीत, दुसरीतला तिसरीत असा फिरत राहिला. आता प्रत्येक टाकीत काय आहे हे नव्याने शोधावं लागतं.

टाकी रिकामी झाल्यावर काय? अमेरिकेतल्याच सव्हाना रिव्हर इथे १९९७ मध्ये दोन टाक्या उपसून विशेष काँक्रीटच्या मिश्रणाने भरल्या आणि कायमच्या बंद केल्या. ब्रिटनमध्ये सेलाफील्डला अशा २१ टाक्या होत्या आणि जुन्या टाक्यांतले थंड पाण्याचे नळ निकामी होऊ लागले होते. तिथल्या नियामकाने द्रव कचऱ्याचा साठा मुदतीत कमी करण्याची सक्तीच केली.

कचऱ्याची दुसरी बाजूही आहे. तुर्भेच्या द्रव कचऱ्यातून सीझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या तयार केल्या जातात. रक्तपेढ्यांमध्ये रक्त रुग्णाला देण्याआधी त्यावर किरणांची प्रक्रिया करणाऱ्या यंत्रांत त्या वापरतात. डोळ्याच्या कर्करोगावर वापरली जाणारी रुथेनियमची छोटी चकतीही याच कचऱ्यातून मिळवलेल्या रुथेनियमपासून बनते. जेवढं सीझियम बाहेर निघतं, तेवढी उरलेल्या कचऱ्याची उष्णता कमी होते.

काचेनंतर पुढे काय?

काचेचे डबे सुरुवातीला गरम असतात. तारापूरला त्यासाठी वेगळं साठवणगृह आहे. जाड काँक्रीटच्या तळघरात डबे उभे ठेवलेले असतात. गरम हवा उंच धुराड्यातून आपोआप वर जाते आणि खालून थंड हवा आत येते. पंखा नाही, पंप नाही. वीज गेली तरी थंड होणं थांबत नाही. द्रवाच्या टाकीशी तुलना केली तर हा फरक फार मोठा आहे.

काही दशकांनी हे डबे जमिनीत शेकडो मीटर खोल, स्थिर खडकात पुरायचे, हे शेवटचं पाऊल. कारण कचऱ्यात प्लुटोनियमसारख्या घटकांचा जो थोडा अंश उरतो, त्याचं आयुष्य हजारो वर्षांचं असतं. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच २४ हजार वर्षं लागतात. भारतात असं खोल भांडार अजून नाही. १९८० च्या दशकात कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, उष्णतेचा खडकावर काय परिणाम होतो हे पाहण्याचे प्रयोग झाले होते. फिनलंडने ऑन्कालो इथे ४०० मीटरहून खोल भांडार बांधलं आहे.

चंद्रपूरची राख 'अणुकचरा' आहे का?

सोशल मीडियावर हा दावा अधूनमधून फिरतो. उत्तर: नाही. कोळशात युरेनियम आणि थोरियमचे नैसर्गिक अंश असतात. कोळसा जळाला की ते राखेत उरतात, त्यामुळे राखेत त्यांचं प्रमाण कोळशापेक्षा जास्त दिसतं. तरी ते साधारण माती-खडकांच्या जवळपासचं किंवा त्याहून काहीसं जास्त असतं. टाकीतल्या द्रव कचऱ्याशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

राखेचा खरा त्रास वेगळा आहे: उडणारी धूळ, पाण्यात उतरणारे जड धातू, आणि राखेचं पाणी अडवणारा बांध. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध भर पावसात फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत, नाल्यांत शिरलं. किरणोत्साराचा प्रश्न नव्हता. तरी मुद्दा तोच होता: साठवून ठेवलेला कचरा त्याला अडवणाऱ्या भिंतीइतकाच सुरक्षित असतो.

३०० वर्षं म्हणजे किती? चंद्रपूरच्या इतिहासावर मोजून पाहा

सीझियम आणि स्ट्रॉन्शियम दर ३० वर्षांनी साधारण निम्मे होतात. दहा वेळा निम्मे झाले की हजारावा हिस्सा उरतो. म्हणून ३०० वर्षं.

आता मागे ३०० वर्षं जाऊ. तेव्हा चंद्रपूरवर गोंड राजांचं राज्य होतं. १७५१ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. शंभरेक वर्षांनी, १८५३ नंतर इंग्रजांकडे. मग मध्य प्रांत, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्हाच विभागला आणि गडचिरोली वेगळा झाला. एवढ्या काळात राज्यकर्ते, कायदे, दप्तराची भाषा, सगळं अनेकदा बदललं.

याच भागातले मामा तलाव याचं चांगलं उदाहरण आहेत. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया पट्ट्यातल्या या तलावांवर पिढ्यानपिढ्या धान पिकलं. मातीची पाळ दरवर्षी डागडुजी मागते, गाळ काढावा लागतो, सांडवा मोकळा ठेवावा लागतो. हे काम मालगुजाराच्या देखरेखीखाली गावकरी करत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. जुनी व्यवस्था गेली, नवी तितक्या जवळून लक्ष देणारी उभी राहिली नाही. अनेक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. माती, दगड, पाणी तेच होतं. बदलला होता तो पाळीवरून रोज फेरी मारणारा माणूस.

मामा तलाव पुन्हा खोल करता येतो, आणि गेल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी तसं कामही झालं. किरणोत्सारी द्रवाच्या टाकीबाबत अशी दुसरी संधी मिळेलच असं नाही. म्हणूनच, जाणकार माणसं, नोंदी आणि निधी हाताशी आहेत तोवर द्रव कचरा काचेत आणणं हा पर्याय टाकीला ३०० वर्षं जपण्यापेक्षा भरवशाचा मानला जातो.

भारतात यावर लक्ष कोण ठेवतं?

अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ मध्ये झाली. वीज देणाऱ्या अणुभट्ट्यांची सुरक्षा ते पाहतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा मात्र २००० मध्ये या मंडळाच्या कक्षेतून काढण्यात आल्या आणि केंद्राच्या स्वतःच्या सुरक्षा परिषदेकडे देण्यात आल्या. म्हणजे तुर्भे-तारापूरच्या कचरा टाक्यांवर देखरेख करणारी यंत्रणा त्याच संस्थेच्या आत आहे. नियामक मंडळाच्या स्वायत्ततेबद्दलही देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात गंभीर प्रश्न उपस्थित केले होते.

दुसरीकडे, २०४७ पर्यंत देशाची अणुवीज क्षमता १०० गिगावॅटवर नेण्याचं उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. तेव्हा ती ९ गिगावॅटच्याही आत होती. वीज वाढेल तसं वापरलेलं इंधन वाढेल, आणि पुनर्प्रक्रियेचं धोरण कायम राहिलं तर द्रव कचराही.

बातमी दिसली तर काय विचारावं?

'अणुकचऱ्याच्या टाकीतून गळती' किंवा 'काहीही धोका नाही', अशा दोन्ही टोकांच्या पोस्ट दिसतात. शेअर करण्याआधी पाच प्रश्न उपयोगी पडतात.

१. कचरा द्रव आहे की काचेत घट्ट केलेला?
२. गळती आतल्या भिंतीतून झाली की बाहेरच्याही? म्हणजे द्रव मातीत पोहोचलं का?
३. बिघाड टाकीत आहे की नळ, झडप किंवा थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत?
४. कचरा हलवायला रिकामी टाकी आहे का?
५. माहिती कोण देतंय, आणि बाहेरच्या कुणी ती तपासली आहे का?

यातल्या पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं अभियंते देऊ शकतात. पाचव्याचं उत्तर मात्र सरकारच्या धोरणावर आणि ते विचारत राहणाऱ्या लोकांवर अवलंबून आहे.